सर्व्हर अपडेट ऑटोमेशन: रीबूटचा टप्पा जमला

एखाद्या छोट्या व्यवसायाकडे असतात तसे सर्व्हर मी व्हर्च्युअल मशिनांवर उभे केले आहेत: दोन वेब, एक डेटाबेस आणि एक निव्वळ चाचणीचा. सगळे उबंटू या लिनक्स प्रणालीवर. अपडेट आपोआप बसवणारं 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' आधीच बसवलेलं होतं, या टप्प्यात सगळं लक्ष रीबूटवर दिलं.

पॅकेज बसणं हा यातला सोपा भाग आहे. लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची, नवी फाइल डिस्कवर आली तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली हार्टब्लीड त्रुटी उघड झाली, तेव्हा पॅच टाकूनही सेवा रीस्टार्ट होईपर्यंत सर्व्हर हल्ल्याला उघडाच राहत होता. त्यामुळे लॉगमध्ये 'इन्स्टॉल झालं' दिसलं की काम संपलं, असं मी धरत नाही. कोणत्या सेवा जुन्या लायब्ररीवर अडकल्यात ते 'नीडरीस्टार्ट' दाखवतं. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदललं असेल तर मात्र, लाइव्हपॅचिंग (चालू कर्नललाच पॅच लावणं) वापरत नसाल तर, रीबूटला पर्याय नाही.

अनअटेंडेड-अपग्रेड्स मूळ सेटिंगमध्ये स्वतःहून रीबूट करत नाही. तो पर्याय चालू करून वेळ ठरवता येते, पण प्रत्येक मशीन आपापलं ठरवतं आणि दोन्ही वेब सर्व्हर एकदम खाली जाऊ शकतात. म्हणून तो निर्णय अनेक सर्व्हरवर ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या अ‍ॅन्सिबलकडे दिला. प्लेबुकमध्ये, म्हणजे त्याच्या कामांच्या यादीत, 'सीरियल' १ ठेवलंय, म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर. एक सर्व्हर लोड बॅलन्सरमधून (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेतून) काढायचा, अपडेट करायचा, रीबूट लागणार असल्याची खूण असलेली 'रीबूट-रिक्वायर्ड' फाइल सापडली तर रीबूट करायचा आणि मग तपासणी. पोर्ट उघडा आहे एवढ्यावर मी समाधान मानत नाही. थेट डेटाबेसपर्यंत पोचणारी एक विनंती पाठवतो. उत्तर २०० (सगळं ठीक) आलं तरच सर्व्हर परत रांगेत. नाही आलं तर प्लेबुक तिथेच थांबतं आणि दुसऱ्या सर्व्हरला हातही लागत नाही. हे थांबणं मला अख्ख्या ऑटोमेशनमधलं सर्वांत मोलाचं वाटतं.

डेटाबेसचं पॅकेज ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे आपोआप अपडेट न करायच्या यादीत आहे, कारण पोस्टग्रेस या डेटाबेसचं नवं पॅकेज बसताना सेवा रीस्टार्ट होते. ते मी बघून करतो.

आता राहिला प्रश्न टप्प्यांचा. चाचणीच्या मशीनवर अपडेट आज, बाकीच्यांवर उद्या. फार दिवस थांबणं मला पटत नाही: वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिचा पॅच मार्च २०१७ मध्ये आला होता आणि हल्ला झाला मे महिन्यात. एकदम सगळीकडे ढकलणंही नको. एपीटी या उबंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाचा रोजचा अपग्रेड टायमर मूळ सेटिंगनुसार सकाळी ६ नंतर तासाभरात कधीही सुटतो, म्हणून चाचणीचं मशीन सोडून इतरांवर तो बंद केला.

तरी एक फट उरतेच. आज तपासलेली पॅकेजेस आणि उद्या रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) येणारी पॅकेजेस तीच असतील असं नाही. मध्ये नवी आवृत्ती आली तर न तपासलेलंच बसेल. त्यासाठी रिपॉझिटरीच्या प्रती सांभाळणारं 'अ‍ॅप्टली' घेतलंय: रिपॉझिटरीचा मिरर (आपल्याकडची प्रत) करायचा, त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) काढायचा, चाचणीत उतरला की तोच बाकीच्यांसाठी प्रकाशित करायचा. मिरर उतरतोय. रिपॉझिटरीतल्या सुरक्षा शाखेचा (सुरक्षेच्या अपडेटच्या भागाचा) स्नॅपशॉट वेगळा ठेवायचा की मुख्य शाखेत मिसळायचा, हे ठरायचंय. कोणी दोन्ही करून पाहिलं असेल तर अनुभव जरूर लिहा.