छोट्या फ्लॅटमधलं काम आणि एका पेटीत मावतील एवढीच मशीनं

फ्लॅटमधल्या भोकं पाडायच्या, कापायच्या कामाची मशीनं ठेवायला जागा एकच होती, दिवाणाखाली सरकेल एवढी पेटी. त्यामुळे यादी करण्याआधी मी भिंती ठोकून बघितल्या. आजकाल बऱ्याच इमारतींत मिवान शटरिंग (अ‍ॅल्युमिनियमचे साचे) वापरून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. त्यात साधं इम्पॅक्ट ड्रिल फार पुढे जात नाही. त्याचा ठोका दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून येतो, म्हणून अंगाचा भार टाकावा लागतो आणि बिटचं टोक तापून बोथट होतं. रोटरी हॅमरमध्ये ठोका हवेच्या दाबाने बसतो, आपण मशीन नुसतं सरळ धरायचं.

म्हणून पहिली खरेदी एसडीएस-प्लसचा (म्हणजे खाचांचं बिट सरळ आत ढकलून अडकवायचा), अडीच-तीन किलोचा रोटरी हॅमर. तीन मोडचाच घ्यावा. ठोक्यासह फिरणं काँक्रीटसाठी. नुसतं फिरणं सिपोरेक्स ब्लॉकसाठी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटा), कारण तिथे ठोका दिला की भोक मोठं होतं आणि प्लग फिरत राहतो. नुसता ठोका असला की छिन्नी लावून जुन्या टाइल्स काढता येतात आणि विटांच्या भिंतीत वायरसाठी झिरी खोलता येते. मिवान भिंतीत मात्र झिरी मारूच नये, इमारतीचा भार तीच भिंत घेते. तिथे वायर केसिंग-पट्टीतून न्यावी.

हॅमरला 13 मिमी चकचा (साधं गोल बिट जबड्यात धरणाऱ्या भागाचा) अडॅप्टर लावता येतो, पण चक डुगडुगतो आणि ठोका चालू राहिला तर जबडे खराब होतात. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, स्विचबोर्ड यांसाठी 12 व्होल्टचा ड्रिल-ड्रायव्हर हवाच. त्याचा क्लच (ठरावीक जोरानंतर फिरणं सोडणारी कडी) कमी आकड्यावर ठेवून सुरुवात करावी, नाहीतर पार्टिकल बोर्डात स्क्रूचे आटे फिरून जातात.

कापायला 4 इंची ग्राइंडर. डायमंड पान टाइलला, कट-ऑफ चकती सळईला, फ्लॅप डिस्क गंजाला. पान घेताना दोन गोष्टी बघाव्यात. मधलं भोक 16 मिमी हवं (मार्बल कटरची पानं बहुधा 20 मिमीची असतात), आणि पानावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा. लाकडाचं दातेरी पान ग्राइंडरला कधीही लावू नये. दात अडकला की मशीन हातातून उसळतं, त्यात बोटं गेली आहेत लोकांची.

प्लायसाठी सर्क्युलर सॉऐवजी (गोल पानाची करवत) जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या अरुंद पानाची करवत) घेतला. लांब कापाला पट्टी क्लॅम्प करून तिच्या कडेने चालवावा लागतो, पण सिंकचा कटआउटही त्यानेच होतो. पान वर येताना कापतं, म्हणून सनमायकाची बाजू खाली ठेवावी.

पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि बॅटरी अर्धी चार्ज करून, मशीनमधून काढून ठेवतो. ओटा फोडायला लागणारा मोठा ब्रेकर हार्डवेअरवाल्याकडून दिवसाच्या भाड्याने आणला. एका दिवसाच्या कामासाठी तो घरात ठेवण्यात अर्थ नाही.