आई येईपर्यंतचे दूध

“पोट्टं काचेत ठेवलं हाय” एवढे वाक्य पश्चिम विदर्भातल्या आमच्या खेड्यांत फोनवर ऐकू आले, की पुढचे काही सांगावे लागत नाही. बाळ दिवस भरण्याआधी झाले, वजन कमी आहे आणि त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले आहे, हे सगळे त्यातच येते. नातेवाईक मग वजन विचारतात, मुलगा की मुलगी ते विचारतात, खर्च किती येईल तेही विचारतात. त्या काचेच्या पेटीत असलेल्या बाळाच्या पोटात काय जाते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या भाचीच्या बाळंतपणात हाच प्रश्न आमच्या घरापुढे उभा राहिला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

भाचीचा रक्तदाब आठव्या महिन्यात एकाएकी वाढला आणि तालुक्याच्या गावी तिचे सिझेरियन करावे लागले. बाळ 31 आठवड्यांचे, वजन जेमतेम 1200 ग्रॅम. त्याला ॲम्ब्युलन्सने जिल्ह्याला हलवले. टाके ओले आणि रक्तदाब उतरत नाही, म्हणून भाचीला मागेच ठेवले. म्हणजे बाळ एका गावी आणि त्याचे दूध दुसऱ्या गावी. खेड्यापाड्यांतल्या कमी दिवसांच्या बाळांची खरी अडचण येथून सुरू होते. मेळघाटात तर धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, आणि त्यातला बराच रस्ता घाटाचा. त्या अंतरापुढे आमची अडचण काहीच नव्हती.

साधारण 34 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नाही. त्यामुळे तोंडातून किंवा नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घालतात. सिस्टर सिरिंजचा दट्ट्या काढून टाकते, नुसती नळकांडी त्या नळीला जोडून हातात उंच धरते, वरून दूध ओतते आणि ते आपल्या वजनाने सावकाश उतरू देते, दाबायचे नसते. आमच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी 2 मिलिलिटर दूध मिळत होते. चहाचा एक चमचा 5 मिलिलिटरचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मापाची कल्पना येईल. परंतु हे एवढेसे दूध कशाचे आहे, यावर फार मोठी गोष्ट अवलंबून असते. कमी दिवसांच्या बाळाचे आतडे कच्चे असते. त्याला सूज येऊन त्याचा काही भाग मरू लागण्याचा एक गंभीर आजार अशा बाळांना होतो आणि त्यात अनेकदा जीव जातो. डब्याच्या पावडरीच्या दुधाऐवजी दान केलेले आईचे दूध दिले, तर या आजाराचा धोका सुमारे निम्म्याने कमी होतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने क्रम ठरवून दिला आहे: आधी स्वतःच्या आईचे दूध, ते नसेल तर दान केलेले मातेचे दूध, आणि तेही नसेल तेव्हाच पावडर.

जिल्ह्याच्या त्या दवाखान्यात दूधपेढी होती, म्हणजे मातांनी दान केलेले दूध तपासून साठवण्याची सोय. दान केलेले दूध देण्यासाठी संमतीची सही लागते, आणि सहीचा कागद समोर येताच विहीणबाईंनी विचारले, “हे दूध कोन्या बाईचं हाय? जात-गोत तं समजलं पाहिजे ना, सिस्टर!” सिस्टरला हा प्रश्न नवा नसावा. “आजी, रक्त चढोतानी इचारता काय, कोनाचं हाय म्हनून? मंग दुधाचंच काहून इचारता?” एवढे बोलून तिने पेन जावयांच्या हातात दिले. सही झाली. विहीणबाई दोन दिवस घुश्श्यात होत्या, आणि मला त्यात नवल वाटले नाही. ज्या गावात पाण्याचे माठ अजून वेगवेगळे आहेत, तेथे दुधाबद्दल प्रश्न निघणारच. मुस्लिम कुटुंबांपुढे प्रश्न वेगळा असतो. एकाच स्त्रीचे दूध प्यायलेली मुले त्यांच्यात भावंडे मानली जातात आणि त्यांचे आपसात लग्न होत नाही. ही शंका हसण्यावारी न नेता तिच्यावर नीट बोलले गेले पाहिजे. मात्र हे बोलणे बाळ पेटीत असताना घाईघाईने न होता सातव्या महिन्याच्या तपासणीलाच झालेले बरे.

आजाराची शंका मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर चोख आहे. दूध देणाऱ्या मातेची एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिस यांसाठी रक्ततपासणी होते, तिची तब्येत, तिला चालू असलेली औषधे आणि तंबाखू-दारूचे व्यसन यांची चौकशी होते. जमा झालेले दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून लगेच थंड करतात, त्यात जंतू उरले नाहीत याची प्रयोगशाळेत खात्री करतात आणि मगच उणे 20 अंशांत साठवतात. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि क्रमांक असतो, दात्रीचे नाव नसते. दुधाचा पैसा कोणी घेत नाही आणि देतही नाही. मातेच्या दुधाची विक्री कायद्यात बसत नाही, असे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे 2024 मध्ये स्पष्ट बजावले आहे.

ही व्यवस्था आपल्याच राज्यात रुजली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये दूधपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. पुढे 2017 मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार मोठ्या रुग्णालयांत दान केलेले दूध तपासून साठवणारी केंद्रे असावीत आणि लहान रुग्णालयांत निदान आईला स्वतःचे दूध काढून स्वतःच्या बाळासाठी ठेवता येईल एवढी सोय असावी. माझ्या मते आमच्या भागासाठी ही दुसरी, लहान सोय अधिक मोलाची आहे, आणि नेमके तिच्याकडेच कोणाचे लक्ष नसते. यंत्रांनी भरलेल्या केंद्राचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. तालुक्याच्या दवाखान्यातली एक आडोशाची खोली, एक पंप आणि शिकवणारी एक सिस्टर यांची फीत कोण कापणार?

कारण दान केलेले दूध कितीही चांगले असले, तरी ते काही दिवसांपुरतेच आहे. तापवल्याने जंतू मरतात, त्याबरोबर रोगाशी लढणारे काही घटकही कमी होतात. शिवाय दान बहुधा दिवस भरून बाळंत झालेल्या मातांकडून येते, आणि त्यांच्या दुधात प्रथिने थोडी कमी असतात. कमी दिवसांच्या बाळाच्या आईचे दूध सुरुवातीच्या काळात त्या बाळाला साजेसे, अधिक प्रथिनांचे असते. म्हणून दूधपेढीचे काम आई येईपर्यंत वेळ काढून देण्याचे आहे. तो वेळ मिळाला आणि तेवढ्यात आईचे दूध आटून गेले, तर पुढे काय करायचे?

भाचीच्या बाबतीत तेच होऊ घातले होते. बाळ जवळ नाही, मग दूध कशाला काढायचे, असा सगळ्यांचाच समज, आणि जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी, पुढे दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा काढावे, हे तिला त्या दवाखान्यात कोणी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली आणि ताप भरला. आमच्या गावची आशाताई तिला भेटायला म्हणून गेली होती. तिने हे पाहिले आणि तेथेच बसून शिकवायला घेतले. ओल्या फडक्याने शेक, मग अंगठा आणि बोट काळ्या गोलाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायचे, मग एकमेकांकडे, आणि कातडी ओढायची नाही. पहिल्यांदा स्टीलच्या वाटीच्या तळाला पिवळसर थेंब पडले, एवढेच. संध्याकाळपर्यंत तळ झाकला गेला. तो चीक सासूने सवयीने मोरीत ओतायला उचलला होता. आशाताईने वाटी हातातून काढून घेतली.

पुढे रक्तदाब उतरल्यावर भाची जिल्ह्याला आली आणि बाळाला नळीतून तिचेच दूध मिळू लागले. नंतर वाटी-चमचा, मग अंगावर. दिवसातले कित्येक तास ती त्याला उघड्या छातीशी धरून बसे. 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे आईच्या अंगाशी धरले, तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी होतात, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पाच देशांत झालेल्या त्या अभ्यासात भारतही होता.

भाचीने नंतर दूध दिले का, असे मला काही जणींनी विचारले. दिले नाही, तिच्या बाळापुरतेच होत होते. तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई मात्र देत असे. दूध दिले तर आपल्या लेकराला कमी पडेल, नजर लागेल, ही भीती तिच्या घरच्यांनाही होतीच. वास्तविक छाती जितकी रिकामी होते तितके दूध अधिक उतरते. आपल्या बाळाचे पोट भरून उरणाऱ्या दुधानेच या बाटल्या भरतात. ज्यांचे बाळ गेले अशाही काही माता दान करतात. तेथे विचारणाऱ्याने फार जपून विचारावे आणि नकार आला तर पुन्हा विचारू नये.

आता मला दोन गोष्टी हव्याशा वाटतात. बाळाला हलवताना आईची प्रकृती परवानगी देत असेल, तर तिलाही त्याच गाडीने न्यावे आणि तेथे तिच्यासाठी खाट असावी. आणि ती जाऊ शकत नसेल, तर तिचे दूध तरी जावे. काढलेले दूध साधारण 25 अंशांपर्यंत चार तास टिकते असे सांगतात, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो; तेव्हा बर्फाशिवाय हे जमणार नाही. लस मात्र याच उन्हातून, बर्फाच्या डब्यात, नेमल्या दिवशी उपकेंद्रापर्यंत येते. तसाच एक वेगळा डबा केवळ दुधासाठी ठेवून तो तालुक्याहून जिल्ह्याला रोज जाणाऱ्या सकाळच्या गाडीने पाठवायला काय हरकत आहे, हे मी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारले आहे.