आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलापासून स्पीकर किटपर्यंत

आमची सुरुवात जुन्या ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीने झाली. उत्तम आवाज हौशी माणसाच्या आवाक्यात आणायचा तर आधी जुनी चांगली यंत्रं वाचवायला हवीत, हे तेव्हापासूनचं धोरण. ॲम्पमधला महागडा ऐवज म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग). ते सहसा जात नाहीत. जातात ते स्वस्त भाग: सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, खरखरणारा व्हॉल्यूम, रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) काळवंडलेले कॉन्टॅक्ट.

बंद पडलेला ॲम्प आम्ही थेट मेन्सला लावत नाही. आधी 60 किंवा 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये. तो क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायचं. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. नवे कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे. मग स्पीकर न जोडता आउटपुटवरचं डीसी (एकदिश) व्होल्टेज मोजायचं. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. काही व्होल्ट असेल तर जोडलेल्या स्पीकरची व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळू शकते. बायस, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही वाहणारा छोटा प्रवाह, सर्वांत शेवटी, ॲम्प तापल्यावर, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. 0.22 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर 10 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 45 मिलिॲम्पिअर.

ॲम्पमागोमाग स्पीकर येऊ लागले. वूफरची (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) फोमची कड कालांतराने चुरा होते, पण कोन आणि मॅग्नेट शाबूत असतात. नवी कड मागवताना इंचाच्या नावावर जाऊ नका, आतला-बाहेरचा व्यास मोजा. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढायचा. आधी कड कोनला चिकटवून सुकू द्यायची, मगच फ्रेमला, आणि तेव्हा 30 हर्ट्झचा टोन हळू आवाजात चालू ठेवायचा. कॉइल घासली तर खरखर लगेच ऐकू येते आणि गोंद ओला असतानाच कोन सरकवता येतो. घाईत कोन तिरका बसला की सगळी मेहनत वाया.

किट आम्ही नंतर आणले. तयार स्पीकरच्या किमतीत पेटी आणि तिचं फिनिशिंग मोठा वाटा खातं. ते काम हौशी माणूस स्वतः करू शकतो. म्हणून ड्रायव्हर (आवाज काढणारे स्पीकर युनिट) आणि जुळवलेला क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळ्या ड्रायव्हरना वाटणारं सर्किट) आम्ही देतो, 18 मिलिमीटर एमडीएफची पेटी तुम्ही बनवायची. नकाशात पेटीच्या आतल्या जागेचे दिलेले लिटर निव्वळ आहेत: आधारपट्ट्या, पोर्ट (हवेची नळी) आणि मॅग्नेटने व्यापलेली जागा वेगळी धरा. सांधे हवाबंद हवेत. जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक काढून फिल्म कपॅसिटर टाकला की कधी ट्रेबल वाढतं, कारण फिल्मचा अंतर्गत रोध फारच कमी. तिथे सिरीजमध्ये छोटा रेझिस्टर लागतो.

वॅटच्या मागे लागू नका, असं प्रत्येक ग्राहकाला सांगतो. 50 ऐवजी 100 वॅट घेतल्याने जास्तीत जास्त आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. 87 ऐवजी 90 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देणारा) स्पीकरही तेवढंच देतो. तारेचंही तसंच. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार 5 मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध 0.07 ओहमच्या आसपास, 8 ओहमच्या स्पीकरला नगण्य. किटसोबत आम्ही हीच तार देतो, महागड्या केबल ठेवत नाही.