लिसा: खरी कसरत ठोकळ्याची

लिसा म्हणजे गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या लाटा, पकडण्यासाठी त्रिकोणात उडणाऱ्या तीन यानांची युरोपीय मोहीम. इथे युरोपात लिसाचा विषय निघाला की बोलणं यानातल्या ठोकळ्यावर येतं. घरून मात्र प्रश्न लेझरचा येतो. 25 लाख किलोमीटरवरच्या दुसऱ्या यानापर्यंत किरण पोचतो का? पोचतो, पण पसरून दहा-बारा किलोमीटर रुंद होतो. दोन वॅट सोडले तर समोरच्या 30 सेंटिमीटरच्या दुर्बिणीत काहीशे पिकोवॅट (एक पिकोवॅट म्हणजे वॅटचा लाख कोटीवा भाग) पडतात. एवढ्याशा उजेडाला आरसा दाखवून उपयोग नाही, म्हणून समोरचं यान आलेल्या लहरीशी स्वतःचा लेझर जुळवून परत पाठवतं. हे गणित सुटलंय.

घाम काढतो तो ठोकळा, म्हणजे यानात मोकळा तरंगणारा धातूचा घन; लेझरने मोजायचं ते अशा दोन ठोकळ्यांमधलं अंतर. 46 मिलिमीटर बाजूचा, जवळपास दोन किलोचा, 73 टक्के सोनं आणि 27 टक्के प्लॅटिनम. हे प्रमाण हौसेचं नाही: सोनं चुंबकीय क्षेत्रापासून किंचित दूर सरतं, प्लॅटिनम किंचित ओढलं जातं, आणि या मिश्रणात दोन्ही जवळजवळ कटतात. यानाने ठोकळ्याला हात न लावता त्याच्याभोवती राहायचं. सूर्यप्रकाशाचा रेटा यानाने सोसायचा आणि मायक्रोन्यूटनचे, म्हणजे अगदी हलका धक्का देणारे, थ्रस्टर चालवून ठोकळ्यामागे जायचं.

लिसा पाथफाइंडर हे चाचणी-यान 3 डिसेंबर 2015 ला उडालं ते हेच तपासायला. उड्डाणाच्या हादऱ्यांसाठी घट्ट आवळलेले ठोकळे सोडणं हीच पहिली धास्ती, कारण सोन्याला सोनं चिकटतं. ठोकळे सुटले, पण अपेक्षेपेक्षा जास्त वेग आणि फिरकी घेऊन. वैश्विक किरण दर सेकंदाला वीस-पंचवीस धन प्रभार ठोकळ्यावर चढवत होते. ते अतिनील दिव्याने उतरवावे लागले. कोठडीत उरलेल्या वायूचे रेणू ठोकळ्यावर आपटतात, तो गोंगाट हवा अवकाशात निसटत गेली तसा महिनोन्‌महिने कमी होत गेला. शेवटी कामगिरी लिसाच्या गरजेपेक्षाही सरस निघाली. जानेवारी 2024 मध्ये इसाने (युरोपीय अवकाश संस्थेने) लिसाला मंजुरी दिली. उड्डाण 2035 च्या सुमारास आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं कृष्णविवर दहा लाखपटीच्या विवराभोवती घिरट्या घालत आत जातं, तेव्हा शेवटच्या काही वर्षांत लाखभर फेऱ्या होतात. त्यातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरीच्या कलेत, म्हणजे तिच्या चढउतारांच्या वेळेत, मोठ्या विवराचा आकार उमटतो. सापेक्षतावादानुसार वस्तुमान आणि फिरकी कळली की विवराचा चपटेपणा ठरलाच. तिसरा आकडा स्वतंत्र असूच शकत नाही. मोजलेला चपटेपणा जुळला नाही, तर ते आपण समजतो तसलं विवर नव्हे. आमच्या मते लिसाची सगळ्यात कडक परीक्षा हीच. मात्र लाखभर फेऱ्यांत गणिताची चूक एका फेरीइतकी जरी साचली तरी संकेत हातचा जातो. त्यात आपल्याच आकाशगंगेतल्या श्वेत बटूंच्या (इंधन संपलेल्या छोट्या ताऱ्यांच्या) कोट्यवधी जोड्यांची गुणगुण, म्हणून सगळे संकेत एकदमच सोडवावे लागतात.

विश्वाच्या बाल्यातली पार्श्वलहर, म्हणजे सगळ्या दिशांनी येणारी गुरुत्वीय लहर, पकडणं त्याहून अवघड. विद्युतचुंबकीय आणि क्षीण ही दोन बलं एकमेकांपासून वेगळी होताना विश्व पाणी उकळावं तसं बुडबुड्यांनी बदललं असेल, तर त्या लहरी आज नेमक्या मिलिहर्ट्‌झच्या आसपास येतात. मूलकणांच्या प्रमाणित प्रारूपात, म्हणजे आजच्या मान्य सिद्धांतात, हा बदल सावकाश होतो, बुडबुडे नाहीत. त्यामुळे लहर दिसणं म्हणजेच नवं भौतिकशास्त्र. पण ही लहर गोंगाटासारखीच दिसते आणि ताडून पाहायला दुसरा लिसा नाही. तिन्ही भुजांची मापं अशी जोडता येतात की लहर जवळजवळ कटते आणि उपकरणाचा गोंगाट उरतो. अडचण अशी, की कमी वारंवारितेला त्या जोडणीत ठोकळ्याची थरथरही बरीचशी कटून जाते, म्हणजे तो गोंगाट तिथून नीट मोजता येत नाही.