रेशमाआडचा कित्ता

इंग्लंडमध्ये जुन्या कापडांचं जतन करताना मी खूप क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली पांघरुणं, हाताळले, पण त्या सकाळी टेबलावर आलेला अजून डोळ्यांसमोर आहे. हजारभर रेशमी षटकोन. घेऊन आलेल्या बाई सत्तरीच्या. म्हणाल्या, "माझ्या पणजीच्या आईनं १८५१ साली लग्नासाठी शिवायला घेतला होता. आतले करकरणारे कागद काढा, अस्तर लावा. नातीच्या लग्नात पलंगावर घालायचाय."

माझ्या आजीची गोधडी म्हणजे जुनी लुगडी एकावर एक आणि आरपार धावदोरा; सगळा जीव उबेत. व्हिक्टोरियन दिवाणखान्यातलं हे रेशमी काम ऊब देण्यासाठी नव्हतंच, सोफ्यावर टाकून पाहुण्यांना दाखवायला होतं. कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर रेशीम दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवायचं, मग शेजारशेजारच्या कडा जोडायच्या. चहूबाजूंनी जोडला गेला की कागद काढायचा. हे काम अर्ध्यावरच राहिलं होतं, म्हणून कागद आतच होते. मी कडेचे टाके मोजले, इंचाला अठरा! दिव्याच्या उजेडात असे टाके घालणारीचे डोळे किती शिणले असतील.

काळे तुकडे उभे चिरले होते. काळ्या रंगासाठी वापरलेले लोखंडाचे क्षार रेशमाला आतून खातात, हात लागला तरी धागे सुटतात. कागद ओढले असते तर ते तुकडे हातातच आले असते.

दोन फळ्यांमध्ये धरून आम्ही क्विल्ट उलटा केला. मागे किराणाचे हिशेब, पाकिटांचे तुकडे. एका जांभळ्या तुकड्यामागे टपालाचा अर्धा शिक्का होता, शेवटी ६३. म्हणजे निदान हा तुकडा १८६३ च्या आधीचा नाही. तो झगझगीत जांभळाही मला आधीपासून खटकत होता. विल्यम पर्किन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाला पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला तोच १८५६ साली.

बाईंना हे सांगताना मला जड गेलं. घरात चार पिढ्या जपलेलं साल होतं ते. त्या गप्प झाल्या.

मग मी त्यांच्या हातात भिंग दिलं. कोपऱ्यातल्या सात-आठ कागदांवर एकाच लहान मुलाचं अक्षर होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा गिरवलेली. प्रत्येक षटकोनात तिचे दोन-तीनच शब्द उरलेले. एका ठिकाणी शाई सांडली होती आणि बोटानं पुसायला गेल्यावर ती पसरली होती. त्या फराट्यात बोटाच्या रेषा दिसत होत्या. बाई बराच वेळ तिथेच वाकून राहिल्या.

"कागद राहू द्या," त्या म्हणाल्या.

चिरलेल्या काळ्या तुकड्यांवर त्याच रंगात रंगवलेली नायलॉनची बारीक जाळी घालून, वाकड्या सुईनं केसासारख्या रेशमी धाग्याचे टाके घातले. सात आठवडे लागले. एकही कागद जागचा हलू दिला नाही.