स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या मेल्टडाऊनबद्दल, म्हणजे ताण असह्य होऊन त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्याबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जरा धाक दाखवला तर थांबेल ना?’

थांबतं, हे खरं आहे. आवाज चढवला की काही स्वमग्न मुलं एकदम गप्प होतात. पण त्या वेळी मुलाकडे नीट बघा. नजर एका जागी खिळलेली, हाक मारली तरी ओ नाही, एरवी येणारे शब्दही गेलेले. याला शटडाऊन म्हणतात. ताण तेवढाच राहतो, फक्त बाहेर दिसत नाही. नातेवाईक याला ‘ऐकलं’ म्हणतात, आणि तिथेच मला राग येतो.

दवाखान्यात नंबराची वाट बघणारं सात वर्षांचं मूल घ्या. ‘दहा मिनिटांत आत जाऊ’ असं सांगितलं होतं, आता चाळीस झाली आहेत. ट्यूबलाइट गुणगुणतेय, बाळ रडतंय, शेजारी मोबाइलवर व्हिडिओ चालू आहे. मूल बोटं फडफडवू लागतं. ते स्वतःला सावरत असतं. नेमके तेच हात ‘नीट बस’ म्हणून धरले जातात. मग ते जमिनीवर पडतं, डोकं आपटू लागतं. चार माणसं एकदम बोलतात. कुणी चॉकलेट पुढे करतं. हट्टातलं मूल चॉकलेटकडे बघतं, तुम्ही बघताय का हेही बघतं. या मुलाला चॉकलेट दिसतच नाही.

अशा वेळी जवळ एकच माणूस हवा. डोक्याखाली घडी केलेला कपडा सरकवा, बाकीच्यांना मागे करा, समोर न बसता बाजूला बसा. ‘मी इथे आहे’ एवढंच म्हणा आणि निदान दहा सेकंद गप्प राहा. तेच वाक्य शब्द बदलून पुन्हा सांगितलं, तर त्याला ते पहिल्यापासून उलगडावं लागतं. ‘का केलंस?’ विचारू नका, नजरेला नजर मागू नका. शांत झाल्यावर पाणी द्या आणि तास-दोन तास काही मागू नका. लगेच अभ्यासाला बसवलं की दुसरा मेल्टडाऊन येऊ शकतो.

‘आवाजाचे एवढे काय लाड?’ असंही लोक विचारतात. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 स्वमग्न मुलांबद्दल लिहिलं, तेव्हाच मोठ्या आवाजांची धास्ती नोंदवली होती. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात स्वमग्नतेच्या निदानाचा एक निकष म्हणून संवेदनांचा हा त्रास आला 2013 मध्ये. मधली सत्तर वर्षं मुलांनी बोलणी खाल्ली.

पूर्वी मीही ‘दुर्लक्ष करा’ असंच सांगत असे. हट्टापुरतं ते चालतं. मेल्टडाऊनमध्ये मात्र मूल एकटं पडतं. त्यापेक्षा दोन आठवडे वही ठेवा: आदल्या रात्रीची झोप, भूक, आवाज, ऐनवेळी बदललेला बेत. फक्त आधीची पाच मिनिटं लिहिली तर कारण सापडत नाही. ते बहुतेकदा सकाळीच सुरू झालेलं असतं. चित्रांचं वेळापत्रक लावत असाल, तर त्यात ‘बदल’ असं एक कार्डही ठेवा. ते नसलं की पहिल्याच बदलाला मुलाचा त्या तक्त्यावरचा विश्वास उडतो.

किशोरवयात ओळखणं आणखी अवघड. शाळेत दिवसभर इतरांसारखं वागण्यात सगळी ताकद जाते आणि घराचं दार लागताच बांध फुटतो. ‘शाळेत तर गुणी आहे’ हे शिक्षकांचं म्हणणं खोटं नसतं, आणि घरचं रडणंही नाटक नसतं.

एक मात्र कबूल करते. हट्ट म्हणून सुरू झालेलं रडणं कधीकधी मेल्टडाऊनमध्ये जातं, आणि ते नेमकं कुठल्या मिनिटाला गेलं, हे मला अजूनही दर वेळी ओळखता येत नाही.