सुतळीखालून

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहून पाठव, असा निरोप आला तेव्हा इथे अमेरिकेत शार्लटला रात्रीचे अकरा वाजून गेले होते. झोप गेलीच. शाळेत शिकवणारे सतरा जण होते आणि सगळ्यांचं देणं माझ्यावर आहे. पण आपल्याकडे नुसतं 'सर' म्हटलं की मान मैदानाकडेच वळायची. त्यांचं नाव मी लिहीत नाही. १९८८ च्या दहावीच्या तुकडीतच काय, मागच्या-पुढच्या वीस तुकड्यांतही ते ज्याला सांगावं लागेल असा कुणी नसेल. पीटी, कार्यानुभव आणि गरज पडली तर भूगोल.

सरांबद्दल लिहायला बसलो की मला सॅम मिल्स आठवतो, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहितो. सरांची याला हरकत नसणार.

२००१ मध्ये मी इथल्या एका बँकेच्या संगणक विभागात नोकरीला आलो. पहिल्याच आठवड्यात गाव बघायला निघालो, तर कॅरोलिना पँथर्स या फुटबॉल संघाच्या स्टेडियमबाहेर एका खेळाडूचा ब्राँझचा पुतळा दिसला. खेळ सोडून जेमतेम चार वर्षं झालेल्या माणसाचा पुतळा! दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्याला विचारलं. तो कौतुकानं म्हणाला, सॅम मिल्स, पाच फूट नऊ इंच उंची, आणि तरी लाइनबॅकर. यात कौतुक काय ते मला तेव्हा कळलं नाही.

इथला फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे, हातात चेंडू घेऊन घुसायचा. अकरा विरुद्ध अकरा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. बचावाची पहिली फळी म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी, ते समोरासमोर भिडतात. त्यांच्या मागे चार-पाच पावलांवर उभा असतो तो लाइनबॅकर. समोरचे कसे उभे आहेत, कुणाचा पाय कुठे वळलाय, हे वाचून डाव ओळखायचा, आपल्या माणसांना ओरडून जागा बदलायला लावायचं आणि फळीतून जो फुटून येईल त्याला पाडायचं. आपल्या कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर मध्यरक्षक आणि कोपरा दोन्ही एकाच माणसानं सांभाळायचे. त्या जागेवर सहा फूट दोन-तीन इंचांचे लोक घेतात. पाच फूट नऊ इंचांचा माणूस तिथे उभा करायला कुणी तयार नसतं.

सॅम मिल्सलाही कुणी उभं केलं नव्हतं. जन्म १९५९ चा, न्यू जर्सी राज्यातला, वाढला समुद्रकाठच्या लाँग ब्रांच गावात. माँटक्लेअर स्टेट या लहानशा कॉलेजात तो असा खेळला की तिथे अजून त्याचं नाव घेतात. पण खेळाडू निवडायच्या वेळी एकाही संघानं त्याला घेतलं नाही. १९८१ मध्ये क्लीव्हलँडच्या संघानं सरावाला बोलावलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी घरी पाठवलं. पुढच्या वर्षी कॅनडात टोराँटोच्या संघानं तेच केलं. मग तो ईस्ट ऑरेंजच्या हायस्कुलात मास्तर झाला. फोटोग्राफी आणि सुतारकाम शिकवायचा आणि शाळा सुटल्यावर पोरांच्या फुटबॉल संघाला मदत करायचा.

हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी वाचता वाचता थांबलो. सुतारकाम आणि मैदान. कार्यानुभव आणि पीटी. मला आमच्या वर्कशॉपचा रंध्याचा वास आला.

आता ती गोष्ट सांगतो. नववीत मी कबड्डीच्या संघात डावा कोपरा खेळत होतो. आपल्या संघातून चौघं जण जिल्ह्याच्या निवड चाचणीला सांगलीला गेलो होतो, सर बरोबर होते. मैदानावर उतरायच्या आधीच निवड करणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि मला बाजूला काढलं. "हा आखूड आहे." एवढंच. एक चढाईसुद्धा बघितली नाही. सर त्यांच्याशी काहीतरी बोलले, हळू आवाजात, हात मागे बांधून. मग परत आले आणि माझ्या शेजारी बसले. उरलेल्या तिघांचा खेळ आम्ही दोघांनी बाहेर बसून बघितला.

परतीच्या एसटीत सगळी पोरं झोपली. सरांनी डबा उघडला, ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी रडत नव्हतो, पण बोलतही नव्हतो. बराच वेळ खिडकीबाहेर बघून सर म्हणाले, "मी मुंबईला गेलो होतो रे. मोठ्या संघाच्या चाचणीला. तिसऱ्या दिवशी परत पाठवलं." का पाठवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. तासगाव गेल्यावर म्हणाले, "उद्या साडेपाचला ये."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला, अंधारातच, झेंड्याच्या खांबापासून लिंबाच्या झाडापर्यंत सरांनी सुतळी बांधलेली होती. माझ्या कमरेच्या जरा वर. तिच्याखालून इकडून तिकडे पळायचं, पाठीला सुतळी लागता कामा नये. पण मान खाली घालायची नाही. डोळे वर, समोरच्याच्या कमरेवर. मान खाली घातली की सर शिट्टी वाजवायचे आणि पहिल्यापासून सुरुवात. "मान घालून पट काढायला गेलास तर मान मोडून घेशील. ढोपरं वाकव, मान नको." पट म्हणजे चढाईपटूचे पाय धरून केलेली पकड. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज. सुतळी दर आठवड्याला एक बोट खाली यायची. मी आखूड होतो ही गोष्ट सरांनी कधी नाकारली नाही. उंच मुलाला इतकं खाली जाता येत नाही, एवढंच ते सांगत. "तुला चार बोटं देवानं आधीच खाली दिलीत, ती वापर."

दहावीच्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्यात समोरच्या संघाचा तो उंच चढाईपटू माझ्या कोपऱ्यावर आला, तेव्हाचा पट ज्यांनी बघितला ते अजून भेटले की सांगतात. मी ते इथे लिहीत नाही. जिल्ह्याच्या संघात मात्र मी पुढेही कधी आलो नाही.

सॅम मिल्सचं पुढे नशीब उघडलं. १९८३ मध्ये यूएसएफएल नावाची नवीन लीग सुरू झाली. गंमत अशी की क्लीव्हलँडच्या ज्या प्रशिक्षकांनी त्याला घरी पाठवलं होतं त्यांनीच त्याच्यासाठी फिलाडेल्फिया स्टार्सकडे शब्द टाकला. तिथले प्रशिक्षक जिम मोरा यांनी त्याला उभं केलं, आणि १९८४ आणि १९८५ असं लागोपाठ दोनदा त्या संघानं विजेतेपद घेतलं. १९८६ मध्ये मोरा न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडे गेले आणि जाताना मिल्सला घेऊन गेले. सेंट्सचा संघ १९६७ पासूनचा, पण वीस वर्षांत एकाही हंगामात त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नव्हते. १९८७ मध्ये पंधरापैकी बारा सामने जिंकले. मिल्स, रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन आणि पॅट स्विलिंग या चौघांच्या फळीला 'डोम पॅट्रोल' म्हणायचे, पॅट्रोल म्हणजे गस्त. १९९२ च्या हंगामात हे चारही जण प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. एका संघाचे चार लाइनबॅकर एकाच वर्षी! मोरा पुढे सांगत, मी शिकवलेल्या खेळाडूंत हा सर्वांत चांगला.

१९९५ मध्ये शार्लटला पँथर्स हा नवा संघ निघाला आणि मिल्स इथे आला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. पहिले पाचही सामने हरले. १५ ऑक्टोबरला न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध त्यांच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूनं, जवळच्या माणसाकडे हलकेच टाकलेला चेंडू मिल्सनं मधल्या मध्ये उचलला आणि छत्तीस यार्ड पळत गोल रेषा ओलांडली. संघाचा पहिला विजय तो. त्या पळण्याची चित्रफीत मी किती वेळा बघितली असेल! पण मला जास्त आवडतो तो त्याचा साधा टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं. समोरचा सहा इंचांनी उंच, आणि मिल्स त्याच्या छातीखालून येतो, ढोपरं वाकलेली, डोळे वर.

खेळ सोडल्यावर तो पुन्हा शिकवायला लागला, पँथर्सच्याच लाइनबॅकर मुलांना. २००३ च्या ऑगस्टमध्ये त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याच महिन्यात संघातल्या मार्क फील्ड्स या लाइनबॅकरलाही कॅन्सर असल्याचं कळलं. डॉक्टरांनी मिल्सला थोडेच महिने दिले होते. तो औषधोपचार घेत होता आणि मैदानावर येत होता. ३ जानेवारी २००४ ला डॅलसविरुद्ध बाद फेरीचा सामना होता, त्याआधी तो मुलांशी बोलला. कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या, सोडून द्यायचं किंवा घाव घालत राहायचं, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. 'कीप पाउंडिंग'. सामना २९-१० असा जिंकला आणि संघ थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे न्यू इंग्लंडकडून तीन गुणांनी हरला. त्या महिन्यात ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मिल्स १८ एप्रिल २००५ ला गेला, पंचेचाळीस वर्षांचा. ते दोन शब्द आता संघाच्या जर्सीच्या कॉलरच्या आत शिवलेले असतात आणि घरच्या प्रत्येक सामन्याआधी कुणीतरी पाहुणा येऊन मोठ्या नगाऱ्यावर चार टोले देतो.

पहिल्यांदा ते टोले ऐकले तेव्हा मला आपली शाळेची घंटा आठवली. रुळाचा तो तुकडा, आणि मधल्या सुट्टीनंतर सर स्वतः द्यायचे ते टोले. शिपाईमामांपेक्षा सरांचा टोला वेगळा ओळखू यायचा.

ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या दालनात, मिल्सला २०२२ साली घेतलं, पात्रतेच्या शेवटच्या, विसाव्या वर्षी. त्याच्या पत्नी मेलनी त्या दिवशी त्याच्या वतीनं उभ्या राहिल्या. मी आणि मुलानं घरी बसून तो सोहळा टीव्हीवर बघितला.

माझा मुलगा हायस्कुलात लाइनबॅकर खेळला. उंची माझ्यावर गेलेली. त्याच्या आईचा सुरुवातीला विरोध होता आणि तो बरोबर होता. ज्युनियर सिऊसारखा नावाजलेला लाइनबॅकर २०१२ मध्ये स्वतःचा जीव घेऊन गेला आणि नंतर त्याच्या मेंदूत वर्षानुवर्षांच्या आघातांनी झालेला आजार सापडला. ही भीती या देशातल्या प्रत्येक खेळाडूच्या घरात आहे. आता शाळेशाळेत टॅकल करताना डोकं वर ठेवायला शिकवतात, त्यासाठी वेगळे वर्ग घेतात. मी मुलाला काय शिकवणार? परसदारी दोन झाडांना सुतळी बांधली. त्याच्या कोचनं पहिल्या आठवड्यात विचारलं, याला इतकं खाली राहायला कुणी शिकवलं. मुलानं सरांचं नाव सांगितलं. कोचला ते नीट उच्चारता येईना, म्हणून त्यानं कागदावर लिहून दिलं.

२०१९ मध्ये गावी आलो तेव्हा सरांकडे गेलो होतो. ओसरीवर बसले होते, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मोबाइलवर मिल्सच्या टॅकलची चित्रफीत लावून दिली. आवाज बंद होता, खेळ काय आहे तेही त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा बघितली. "परत लाव." पुन्हा बघितली. म्हणाले, "खालून येतोय. मास्तर होता का हा?" मी त्यांना मिल्सबद्दल अजून एक शब्दही सांगितला नव्हता. बाईंनी चहा आणला, मला तो पिववेना.

शाळेत जाऊनही आलो. नवीन सभागृह चांगलं झालंय, संगणक खोलीही आहे, वर्गणीत माझाही वाटा आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण सभागृहानं मैदानाची पश्चिमेची बाजू पूर्ण घेतली. जिथे कबड्डीचं मैदान आखायचो तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत. ब्लॉकवर पट काढला तर ढोपर फुटेल. मुलांना कुठे खेळता म्हणून विचारलं, तर त्यांनी गेटबाहेरची मोकळी जागा दाखवली. समितीनं रागावू नये, मी प्रेमानंच लिहितोय: उत्तरेचा तुकडा अजून मातीचा आहे, तेवढा मातीचाच राहू द्या. लाल माती टाकायचा आणि दरवर्षी रोलर फिरवायचा खर्च मी देतो, आम्हा १९८८ वाल्यांनी तसं ठरवलंय. पाटी लावायची झाली तर तिच्यावर फक्त सरांचं नाव घाला.

समारंभाला मुलाला घेऊन येतोय. झेंड्याचा खांब हललाय, पण लिंब जागेवर आहे. पहाटे साडेपाचला, कार्यक्रमाच्या गर्दीआधी, खांबापासून लिंबापर्यंत सुतळी बांधणार आहोत. सरांना रिक्षातून आणायचं काम आमच्या उजव्या कोपऱ्यानं घेतलंय. सुतळी किती उंच बांधायची ते सरांनीच सांगायचं आहे.